घरच्या कुत्रीचं अर्जंट ऑपरेशन आहे, पैसे नाहीत, मुंबईत ट्रस्टचा दवाखाना कुठे आहे?

चिंगीची_आई, विक्रोळी
नमस्कार, घाईत लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या. आमची चिंगी साधी गावठी कुत्री आहे, सात वर्षांची, पिल्लू होती तेव्हापासून घरातच. मागच्या महिन्यात माजावर आली होती, त्यानंतर सुस्तच झाली, सारखं पाणी पितेय, कालपासून उलट्या आणि आज मागून घाण वासाचा पू यायला लागला. जवळच्या क्लिनिकला नेलं तर सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले पिशवीत पू झालाय, पिशवी काढायला लागेल, आजच अ‍ॅडमिट करा. पस्तीस हजार सांगितले, त्यातले वीस आधी भरा म्हणाले. मिस्टर रिक्षा चालवतात, मी दोन घरी पोळ्या करते, एका दिवसात एवढे कुठून आणू. एका संस्थेला फोन लावला तर पहिला प्रश्न रस्त्यावरची की घरची. घरची म्हटलं तर आम्ही भटक्यांचंच करतो म्हणाले. शेजारचे म्हणतात रस्त्यावर सापडली असं सांग. तसं मला करायचं नाहीये, ती आमची आहे. कुठे जाऊ सांगा कोणीतरी.

गिरणगावचा_पोरगा
ताई आधी निघा, बाकीचं टॅक्सीत वाचा. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, बोर्डावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स असं लांबलचक नाव आहे पण टॅक्सीवाल्याला बैलघोडा सांगितलं की कळतं, वेटरनरी कॉलेज पण त्याच आवारात आहे. मिस्टरांची रिक्षा सायनच्या पुढे जाऊ देणार नाहीत, तिथून टॅक्सी करायला लागेल. निघताना फोन करून विचारा सर्जन आहेत का आणि आत्ता केस घेतील का, म्हणजे फुकट फेरा नको. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि क्लिनिकने लिहून दिलेला कागद बरोबर ठेवा, परत तपासणीचे पैसे वाचतील. आणि केसपेपर काढतानाच सांगा की आमची ऐपत एवढीच आहे, यात काय होईल. डिस्चार्जच्या वेळी बिल हातात आल्यावर नका सांगू, तेव्हा त्यांनाही काही करता येत नाही. रेशनकार्ड खिशात असू द्या, कोणी मागितलं तर. आमच्या आजोबांच्या वेळेपासून गिरणीतले लोक तिथे घोड्यापासून मांजरापर्यंत सगळं घेऊन जायचे, ते चालवणारी संस्था १८७४ सालची आहे आणि हॉस्पिटल पेटिट शेठच्या देणगीतून उभं राहिलं, तिथे जायला लाज वाटायचं काही कारण नाही.

व्हेट_नर्स_ठाणे
दवाखान्यात काम करते म्हणून सांगते. याला पायोमेट्रा म्हणतात, माज संपल्यावर काही आठवड्यांनी होतो, नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या माद्यांमध्ये खूप बघतो आम्ही. पू बाहेर येतोय म्हणजे पिशवीचं तोंड उघडं आहे, त्यामुळे थोडा वेळ मिळतो पण थोडाच. पू यायचा अचानक थांबला आणि पोट फुगलं तर बरं झालं असं समजू नका, ते जास्त वाईट, तोंड बंद झालं की सगळं आतच साठतं आणि रक्तात पसरतं, पिशवी फुटू पण शकते. जाताना खायला काही देऊ नका, भूल द्यायची असेल. घरातली तापाची दुखण्याची गोळी तर अजिबात नको, माणसांच्या ब्रुफेन क्रोसिनने कुत्र्यामांजरांची किडनी लिव्हर जाते, मांजराला तर एक पॅरासिटामॉल पण जीवघेणी ठरते. आणि अजून एक, डॉक्टरांना सरळ विचारा की आज जीव वाचवायला काय काय लागणार आणि काय नंतर केलं तरी चालेल. सलाईन, रक्ताची तपासणी, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन हे टाळता येत नाही, पण चांगले डॉक्टर बाकीचा खर्च कुठे कमी होईल ते बघतात. नुसत्या इंजेक्शनवर घरी नेऊ का असं मात्र विचारू नका, पैशासाठी लोक ते करतात आणि पुढचा माज आला की तेच परत व्हायचा धोका खूप असतो.

रोखठोक_७७
कोणाला राग येईल पण लिहितो. ऐपत नाही तर जनावर पाळायचं कशाला? नसबंदी वेळेत केली असती तर ही वेळच आली नसती. दान देणारे लोक रस्त्यावरच्या मुक्या जिवांसाठी देतात कारण त्यांना कोणी नाही. घरच्यासाठी मालक आहे ना.

स्लाव_मधून_मीनल
रोखठोक दादा, बाई कुत्रीला घेऊन टॅक्सी शोधत असेल, तिला आत्ता हे ऐकवून काय मिळणार. पण मुद्दा काढलाच आहे तर बोलूया कारण मला हे फार मनापासून वाटतं. आपल्याकडे २०२३ चे एबीसी म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत त्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पालिकेने करायचं आणि पाळलेल्याचं मालकाने करायचं. कागदावर बरोबर वाटतं. पण वस्तीतलं कुत्रं कसं असतं, दारात बसतं, घरचं खातं, मुलांबरोबर झोपतं, पालिकेच्या गाडीला ते घरचं वाटतं आणि खासगी क्लिनिकला मालक गरीब वाटतो, म्हणजे दोन्हीकडून राहतं. संस्थेकडे पैसे कमी असतात म्हणून ते भटक्यांना आधी घेतात, त्यांना मी दोष देत नाही, पण मग लोक काय करतात, आजारी जनावर नेऊन सोडून देतात किंवा सापडलं म्हणून खोटं सांगतात. म्हणजे घरात ठेवणाऱ्याला मदत नाही आणि सोडून देणाऱ्याच्या जनावराला आहे! ताईंनी खोटं बोलायला नकार दिला यासाठी तरी त्यांना मदत मिळायला पाहिजे.

मी इंग्लंडमध्ये राहते, इथे पीडीएसए नावाची संस्था आहे. १९१७ साली मरिया डिकिन नावाच्या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एका तळघरात दवाखाना काढला, तोच मुळी गरिबांच्या घरातल्या जनावरांसाठी. पहिलं महायुद्ध चालू होतं, तेव्हा पण कोणीतरी म्हणालंच असणार की माणसांना नाही तिथे कुत्र्यांना कुठे. आज सरकारी मदतीवर जगणारे लोक आपली कुत्री मांजरं तिथे नेतात, पात्रतेचे नियम ठरलेले आहेत, कागद दाखवायचा, मदत मागायला कोणापुढे रडायला लागत नाही. पैसा येतो देणग्यांतून, मृत्युपत्रात लोक ठेवून जातात त्यातून, जुन्या कपड्यांच्या दुकानांतून. कोणी विचारत नाही पाळलं कशाला. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, नवरा गेल्यापासून त्यांच्याशी दिवसभर बोलणारं घरात फक्त मांजर आहे, त्यांना जाऊन ऐपतीचं सांगायची माझी हिंमत नाही.

रोखठोक_७७
कागदाचं पटलं. सोडून देणाऱ्याला मदत मिळते आणि ठेवणाऱ्याला नाही हा विचार केला नव्हता. नसबंदीचं मात्र मी मागे घेणार नाही, आठ दहा हजारात होणारं काम आता चौपट झालं.

व्हेट_नर्स_ठाणे
दादा ते बरोबरच आहे, आम्ही पण रोज तेच सांगतो. पण पोळ्या करणाऱ्या बाईला आठ दहा हजार पण एकदम निघत नाहीत, म्हणून स्वस्तातल्या नसबंदीचा कॅम्प घरच्या जनावरांसाठी पण हवा. एका कॅम्पच्या पैशात किती पायोमेट्रा टळतील.

सातारी_मास्तर
गावाकडच्यांसाठी लिहून ठेवतो, पुढे कोणी शोधत येईल. बऱ्याच तालुक्यांना सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल असतं आणि जिल्ह्याला मोठं. लोकांना वाटतं तिथे फक्त गाईम्हशी बघतात, पण कुत्रं मांजर पण बघतात, केसपेपरचे पैसे नाममात्र असतात. १९६२ नंबरची फिरती गाडी आहे ती मुख्यतः शेतकऱ्याच्या जनावरांसाठी, पण फोनवर जवळचा दवाखाना कुठला ते विचारायला हरकत नाही. अडचण एवढीच की पोट उघडायचं ऑपरेशन प्रत्येक ठिकाणी होत नाही, भूल द्यायची सोय आणि माणूस दोन्ही लागतं, म्हणून आधी फोन. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं नवं हॉस्पिटल २०२४ ला सुरू झालंय, मोठं आहे, इमर्जन्सी बघतात, पण ट्रस्टचं म्हणजे फुकट असं नसतं, तिथे पण अंदाज आधी विचारायचा.

आणि पैसे गोळा करायचे असतील तर ताईंच्या खात्यावर नको, हॉस्पिटलच्या खात्यावर केस नंबर टाकून भरा. आमच्याकडे एका गाढवासाठी असंच केलं होतं, कुंभाराचं गाढव होतं, त्याच्यावर घर चालायचं. लोकांनी दिले कारण पावती थेट दवाखान्याची होती.

चिंगीची_आई, विक्रोळी
सगळ्यांचे खूप खूप आभार. परळला पोचलो, घेतलं त्यांनी, रात्री ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले पिशवी फुटायच्या बेतात होती. खर्च त्या क्लिनिकच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तरी आमच्याकडे पूर्ण नव्हते, मी आधीच सांगितलं होतं म्हणून थोडे नंतर भरा म्हणाले, आणि मी जिथे पोळ्या करते त्या काकूंनी उरलेले थेट काउंटरवर भरले. चिंगी अजून उठत नाहीये नीट पण सकाळी मुलीचा हात चाटला. आता घरी आणल्यावर काय काळजी घ्यायची? एक खोली आहे आमची, वरती माळा आहे आणि ती माळ्यावर चढते.

व्हेट_नर्स_ठाणे
माळ्याची शिडी काढूनच ठेवा ताई. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा बारा दिवस, उडी नाही की पळणं नाही, बाहेर फक्त शी शू पुरतं पट्ट्याने. चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन रडली तरी काढायचा नाही, चाटून टाके उघडले तर परत टेबलवर घ्यायला लागेल आणि परत खर्च. कोन महाग वाटला तर मुलीचा जुना टीशर्ट पोटावर बांधा, चालतं. अँटिबायोटिक बरी वाटली म्हणून मध्येच बंद करू नका. जखमेतून पाणी आलं, वास आला किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थेट परळला फोन करा, इथे लिहून उत्तराची वाट बघत बसू नका.