मदत हवी आहे: बायनॉमियलऐवजी नॉर्मल कधी वापरायचं?

नमस्कार मंडळी, संभाव्यतेच्या गणितांत एका ठिकाणी गाडी अडली आहे: बायनॉमियल (ठरावीक प्रयत्नांत किती यशं मिळतील याचं वितरण) सोडून नॉर्मल (घंटेच्या आकाराचा वक्र) अंदाजासाठी कधी चालतो?

नाणं 100 वेळा उडवलं, तर 60 किंवा जास्त छापे पडण्याची संभाव्यता किती? सरासरी 50, प्रमाण विचलन 5. नॉर्मलने थेट 60 धरून झेड (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर) 2 येतो, उत्तर 0.0228. अर्धा मागे सरकून 59.5 धरलं की झेड 1.9, उत्तर 0.0287. बायनॉमियलचं नेमकं उत्तर 0.0284. त्या अर्ध्याने एवढा फरक पडतो हे बघून फार छान वाटलं, आणि त्यामागचं कारणही पटलं: बायनॉमियलचा 60 चा स्तंभ 59.5 पासूनच सुरू होतो.

अडचण पुढे आहे. एन (प्रयत्नांची संख्या) 100 आणि पी (प्रत्येक प्रयत्नात यशाची संभाव्यता) 0.03 घेतलं, तर एकही यश न मिळण्याची नेमकी संभाव्यता 0.0476 आहे. नॉर्मलने मात्र, अर्ध्याची दुरुस्ती करूनही, 0.07 च्या वर येते. शिवाय वक्राचा थोडा भाग शून्याच्या डावीकडे जातो, जिथे यशांची संख्या असूच शकत नाही!

काही पुस्तकांत एनपी आणि एन(1−पी) दोन्ही किमान 5 हवेत असं आहे, काहींत 10. परीक्षेत कोणता नियम धरावा? आणि पी इतकं लहान असताना सरळ पॉयसाँ (दुर्मीळ घटना किती वेळा घडतील याचं वितरण) वापरावं का? कुणी एखादं उदाहरण सोडवून दाखवलं तर फार मदत होईल.