पासवर्ड बदललात, पण फिल्टर पाहिलेत का?

ईमेलचा पासवर्ड बदलूनही ओळखीच्यांना तुमच्या नावाने फसव्या लिंकांचे मेल जातायत म्हणताय, तर आधी मेलमधले 'सेंट' (पाठवलेले) आणि 'ट्रॅश' (काढून टाकलेले) हे फोल्डर उघडा. दोन्हीकडे ते मेल नसतील तर कदाचित कोणी खात्यात शिरलेलंच नाही, नुसता तुमचा पत्ता प्रेषक म्हणून खोटा टाकतायत. मग पासवर्ड कितीदाही बदला, फरक शून्य.

सदाशिव पेठेतल्या आमच्या काकांचं खातं मात्र खरंच गेलं होतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर सापडला: 'हॅक' शब्द असलेला प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये! लोक बिचारे सावध करत होते आणि काकांना पत्ताच नाही. शिवाय फॉरवर्डिंगला, म्हणजे आलेले मेल आपोआप पुढे पाठवायच्या सोयीत, भलताच पत्ता. पासवर्ड बदलून हे जात नाही, हाताने काढावं लागतं. रिकव्हरीचा (खातं परत मिळवायला लागणारा) फोन आणि ईमेल आपलाच आहे ना, तेही बघा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा, अर्थातच चालू करा.

अशा वेळी 'नवीन खातं काढा' असा सल्लाही कुणी देतं, तो मला पटला नाही. जुन्यावर बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळं लटकलेलं असतं, ते कोण निस्तरणार? ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर कळवा. त्यातलं कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायला सांगा. उशीर झाला की रक्कम ठगांच्या पुढच्या खात्यात सरकते.