गावच्या लोकांच्या नजरेआड एचआयव्हीची तपासणी कुठं होईल?

पऱ्हाटीवाली (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. कागदावर मी पुरुष, पण मी बाईच हाय. तृतीयपंथी लोकांच्या डेऱ्यात राहत नाही, आईजवळ राहते, निंदण-वेचणीले जाते.

काही महिन्यांमागं मले फोड आला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. चिठ्ठी काढणाऱ्यानं "मेल लिहू का फिमेल?" असं एवढ्या मोठ्यानं विचारलं का सारी लाइन वळून पाहाले लागली. लाइनमध्ये आमच्या गावच्या बाया होत्या. आत डॉक्टरले म्हटलं, खाली फोड हाय. त्यानं पाहिलं नाही, मलम लिहून देलं अन् पुढचा नंबर बोलावला. फोड मागच्या जागी होता, हे तोंडातून निघालंच नाही. दुखत नव्हता, मग आपोआप गेला.

आता मले एचआयव्हीची तपासणी कराची हाय. पण ती खोली आशाताईंच्या मीटिंगच्या हॉलले लागूनच हाय. आमच्या आशाताई स्वभावानं चांगल्या, पण माझ्या मावशीची जाऊ लागतात. तिथं मले पाहिलं का संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जाईन.

तृतीयपंथीचं कार्ड माझ्याजवळ नाही. त्याच्याशिवाय तपासतात का? घरी कळवतात का? अन् छाती यावी म्हणून मी गर्भनिरोधक गोळ्या घेते, ते सांगाव लागते का? मजाक करू नका, लय हिंमत करून लिहिलं.

समुपदेशक_वऱ्हाड

ताई, मी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, काम केलं आहे. पण आधी त्या फोडाबद्दल बोलू द्या. न दुखणारा आणि आपोआप जाणारा फोड सिफिलीसचा असू शकतो. फोड बसला तरी रोग रक्तात राहतो. पुढं तळहातांवर, तळपायांवर पुरळ येऊ शकते आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर मेंदूला, हृदयाला इजा होते. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनच्या डोसनं बरं होतं. म्हणून एचआयव्हीसोबत सिफिलीसचीही तपासणी मागा. मलमानं तो जात नाही.

तुमच्याच तालुक्यात जायला हवं असं अजिबात नाही. शेजारच्या जिल्ह्यात गेलात तरी चालतं. तपासणी मोफत असते, तृतीयपंथीचं कार्ड लागत नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात जाणं बरं. तिथं गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, त्यामुळं दोन्ही कामं एकाच खेपेत होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात फक्त पहिली चाचणी होते. ती रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे त्यात लागणीची शंका दिसली, तर खात्रीसाठी पुन्हा आयसीटीसीतच जावं लागतं, तिथं वेगवेगळ्या तीन किटवर बघूनच पॉझिटिव्ह म्हणतात. अलीकडे संबंध आला असेल तर आज निगेटिव्ह आलं तरी तीन महिन्यांनी परत करा.

आता घरी कळण्याबद्दल. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल आईला, मावशीला, आशाताईंना सांगता येत नाही. आधी १०९७ वर फोन करा. फुकट आहे, नाव विचारलं तरी सांगायची सक्ती नाही, जवळचं केंद्र कोणतं ते सांगतात.

वर्ध्याची_गुरूमाय

पोरी, या साहेबांनी सांगितलं ते खरं हाय. पण चिठ्ठीच्या खिडकीवरच्या माणसाले तो कायदा कोणी शिकवला नाही, म्हणून एकटी जाऊ नको. जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्या लोकांमध्ये एचआयव्हीचं काम करणाऱ्या संस्था असतात, त्यांच्यात आपल्यातलीच एखादी कामाले असते. १०९७ वर तेच विचार, "माझ्यासोबत येणारी कोणी मिळेल का?" ती सोबत असली का खिडकीवर तीच बोलते, कंडोम अन् जेलीही तिच्याजवळच मिळते.

डॉक्टरसमोर बसली का लाजू नको. घरून निघतानाच वाक्य पाठ कर: "माझा संबंध मागून येतो, फोड मागं होता, ती जागा तपासा." हे नाही बोललीस तर तो पुढूनच पाहीन अन् ठीक हाय म्हणीन. माझ्या एका चेलीचं असंच झालं. तिचा रोग दोन डॉक्टरांच्या हातून निसटला, अन् मले आजही त्याचा राग येते.

गोळ्यांचं तर पहिले सांग. त्या गोळ्या जास्त घेतल्या का रक्ताच्या गाठी होऊ शकतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला तर थांबू नको, तसाच दवाखाना गाठ. बिडी ओढत असशील तर धोका आणखी वाढते. डॉक्टरच्या देखरेखीत वेगळी औषधं मिळतात.

मी स्वतः पॉझिटिव्ह हाय. रोज रात्री एक गोळी, बस. रक्तातला व्हायरस मोजण्यात येत नाही, म्हणून संबंधातून दुसऱ्याले लागत नाही. मी पापड लाटते, बाजारात विकते, चेल्यांचं भांडण सोडवते.

पऱ्हाटीवाली

माय, तुमचं वाचून रडू आलं. मंगळवारी जाते, आमच्या इथला बाजार असतो, गावाबाहेर निघाली तर कोणी विचारत नाही. आणखी एक. माझा एक माणूस हाय, ट्रकवर असते. त्याचं लग्न झालं हाय, बायको गरोदर हाय. त्याले सांगू का?

समुपदेशक_वऱ्हाड

सांगा, आणि जमलं तर मंगळवारी सोबतच आणा. दोघांशी वेगवेगळं बोलतात, निकालही ज्याचा त्यालाच देतात. तो मारहाण करेल अशी भीती असेल तर मात्र आधी समुपदेशकाशी बोला, सांगण्याची वाट तिथं मिळून ठरवता येते.

त्याच्या बायकोची तपासणी गरोदरपणात एरवीही होतेच, एचआयव्हीची आणि सिफिलीसची. पण आधी निगेटिव्ह आली असली तरी त्यानं तिला परत तपासायला न्यावं. वेळेत कळलं तर औषधांनी बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी करता येतो. म्हणून बाळंतपणापर्यंत थांबू नका.