अनुभव धागा: पुस्तक वाचून घरच्या घरी कंबर, मान, टाच सांभाळणाऱ्यांसाठी

शेवंता
माळा आवरताना रॉबिन मॅकेंझींचं 'ट्रीट युवर ओन बॅक' हाती लागलं आणि घरातली सगळी कंबरदुखणी आठवली. म्हटलं धागा काढावा. अशी पुस्तकं उघडली की बहुतेक जण थेट चित्रांवर जातात, पण चित्रांच्या आधीची पानंच खरी कामाची असतात. कुठल्या पुस्तकातलं काय, किती वेळा, कसं करायचं आणि कुठे चुकतं ते लिहा. हकिगती नकोत, कृती लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला करून बघता येईल.

सुरुवात मी करते. मॅकेंझी न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट, पुस्तक १९८० चं. व्यायाम सात. पहिले चार मागे वाकण्याचे, शेवटचे तीन पुढे वाकण्याचे. आधी नुसतं पालथं पडून राहायचं, दोनतीन मिनिटं, श्वास सोडताना कंबर सैल. मग कोपरांवर टेकून छाती वर, पुन्हा दोनतीन मिनिटं. मग तळहात खांद्यांखाली घेऊन कोपरं सरळ करत छाती उचलायची, १० वेळा, दिवसातून ६ ते ८ वेळा. चौथा म्हणजे उभं राहून कंबरेवर हात ठेवून मागे वाकणं, तो ऑफिसात चालतो.
चूक कुठे होते? लोक याला भुजंगासन समजून पाठीच्या जोरावर वर येतात. इथे काम हातांनी करायचं. पोट, कंबर, नितंब पूर्ण ढिले. नितंब आवळले की कंबर वाकतच नाही.

रानजाई
शेवंता, मुख्य गोष्ट राहिली गं. कळ कुठे सरकतेय ते बघायचं. पिंढरीपर्यंत उतरलेली कळ व्यायामानंतर मांडीत, मग कुल्ल्यात, मग फक्त कंबरेत आली तर दिशा बरोबर. त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालतं. कळ खाली उतरायला लागली किंवा पायाच्या मुंग्या वाढल्या तर थांबायचं.
हे न वाचल्यामुळे लोक कंबर दुखली म्हणून बरोबर व्यायाम सोडतात आणि कंबर मोकळी वाटते म्हणून चुकीचा चालू ठेवतात, तिकडे पाय बधिर होत असला तरी.

तात्या_मिरजकर
सकाळी उठल्या उठल्या पुढं वाकू नका. रात्रभर आडवं राहून मणक्यातल्या गाद्या पाणी ओढून फुगलेल्या असतात, त्या वेळी वाकलं की ताण जास्त बसतो. पहिला तासभर तरी अंगण झाडणं, बादली उचलणं, सूर्यनमस्कार पुढं ढकला. मोजे घालायचे तर पाय स्टुलावर घ्या, कंबर खाली नेऊ नका. एवढ्या एका गोष्टीनं पुष्कळ फरक पडतो बघा.

कढीपत्ता
सासूबाई ७२ च्या आहेत, चालताना दोन्ही पाय भरून येतात, बसलं की बरं. त्यांना हेच पालथं पडून करायला सांगू का? गॅसवर भाजी आहे, येते.

फिजिओ_मावशी
कढीपत्ता, थांब, नको सांगूस. चालताना पाय भरणं, बसल्यावर किंवा ओणवं झाल्यावर मोकळं होणं हे बऱ्याचदा मणक्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण असतं. मागे वाकलं की ती आणखी अरुंद होते. अशा माणसाला पहिले चार व्यायाम त्रास देतात. पाचवा (उताणं झोपून दोन्ही गुडघे छातीशी) किंवा सहावा (खुर्चीत बसून खाली वाकणं) मानवतो.
पण आधी दोन गोष्टी तपासून घे. एक, पायाच्या रक्तवाहिन्या. तिथे अडथळा असला तरी चालताना पिंढऱ्या भरतात, मात्र नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, बसावं लागत नाही. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर हे नक्की बघ. दोन, हाडं ठिसूळ आहेत का. तसं असेल तर पुढे वाकण्याचे व्यायामही नकोत, मणका चेपू शकतो.
आणि सगळ्यांसाठी: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यात पुस्तक बंद करून त्याच दिवशी दवाखाना. पडल्यानंतरची पाठदुखी, ताप किंवा वजन घटण्यासोबतची पाठदुखी, आधी कॅन्सर झालेल्यांची नवी पाठदुखी, यातही आधी डॉक्टर. हे पान प्रत्येक चांगल्या पुस्तकात असतं आणि बहुतेक लोक ते न वाचता उलटतात.

गिरणगावकर
+१ मावशी.
स्टुअर्ट मॅकगिल यांचं 'बॅक मेकॅनिक' (२०१५) पण घ्या यादीत. कॅनडातले मणक्याच्या यांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं म्हणणं: आधी कोणत्या हालचालीनं दुखतं ते शोधा, ती दिवसभरातून काढून टाका, मग ताकद. तीन व्यायाम.
१) उताणं, एक गुडघा दुमडलेला, दोन्ही हात कंबरेच्या पोकळीखाली. डोकं-खांदे जेमतेम उचलायचे. मान दुखत असेल तर जीभ टाळूला दाबा.
२) कुशीवर कोपर आणि गुडघ्यावर तोलून कंबर उचलायची. पाय सरळ करून नंतर, आधी गुडघ्यावरच.
३) रांगण्याच्या स्थितीत उजवा हात, डावा पाय सरळ.
प्रत्येक वेळी १० सेकंदांपर्यंतच धरायचं. सहा वेळा, मग चार, मग दोन, मध्ये थोडी विश्रांती. दम वाढवायचा तर आवर्तनं वाढवा, सेकंद नव्हे. मिनिटभर थरथरत धरून राहणं हे या पुस्तकाच्या बरोब्बर उलट आहे.
तिसऱ्यात चूक ठरलेली: पाय फार वर जातो आणि कंबर खाली झोळ खाते. टाच मागच्या भिंतीकडे ढकला, छताकडे नाही.

सह्यवेडा
मॅकेंझी मागे वाकवतात, मॅकगिल स्थिर ठेवा म्हणतात. दोन्ही पुस्तकं घरात असली की डोकं फिरतं. काय धरायचं?

रानजाई
दोघांची पहिली पायरी एकच आहे की. हालचाल करून बघा आणि शरीर काय उत्तर देतं ते टिपा. मागे वाकल्यावर पायातली कळ वर येत असेल तर मॅकेंझी. मागे वाकूनही दुखतं, पुढे वाकूनही दुखतं, सरळ पाठ ठेवली की बरं, तर मॅकगिल. दोन्ही पुस्तकांतलं थोडंथोडं एकाच आठवड्यात करू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही.

न्यूजर्सीचा_बंड्या
एमआरआयच्या रिपोर्टबद्दल लिहितो. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांचे स्कॅन. विशीतल्या ३०% लोकांत गादी फुगलेली, ऐंशीतल्या ८४% लोकांत. गादी झिजल्याचं प्रमाण विशीत ३७%, ऐंशीत ९६%. त्यामुळे 'एल४-एल५ बल्ज' (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली) हे शब्द वाचून हातपाय गाळू नका. रिपोर्ट आणि दुखणं जुळतंय का हे तपासणारा डॉक्टर ठरवेल.

ओवी
हे फार बरं सांगितलंत बंड्याभाऊ. 'मणक्यात गॅप' ऐकून माणूस वाकायचंच सोडतो, मग आणखी आखडतो.
गादी कुठली घ्यावी हो? सगळे लाकडी फळीवर झोपा म्हणतात.

न्यूजर्सीचा_बंड्या
फळी नको. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला अभ्यास आला होता, ३१३ जुने कंबरदुखीवाले, अर्ध्यांना कडक गादी, अर्ध्यांना मध्यम कडक. मध्यमवाले जास्त सुखी. कापसाची गादी बसली असेल तर पिंजून घ्या, तेवढं पुरतं.

ओवी
पिंजारी येतच नाही आता आमच्याकडे 😔

अबोली_प
आमच्याकडे येतो अजून, डेक्कनच्या बाजूला. विषयांतर झालं, सॉरी.
टेनिस एल्बोवर लिहिते, स्वयंपाकघरात याचं मूळ असतं आणि पुस्तकांत रॅकेटच दाखवतात. कोपराच्या बाहेरच्या हाडाला दुखतं, कारण मनगट वर धरणारे स्नायू तिथे जोडलेले असतात. सांडशीने भरलेली कढई उचलताना तळहात खाली आणि कोपर सरळ, म्हणजे सगळा भार त्याच जागेवर. कढई दोन्हीकडून फडक्याने धरा, किंवा कोपर अंगाशी दुमडून तळहात वर करून उचला. कपडे पिळणं काही आठवडे बंद.
व्यायाम: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळहात खाली. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या. दुसऱ्या हाताने मनगट वर न्या, मग दुखऱ्या हाताने एकट्याने सावकाश खाली, चार सेकंद. १५ चे तीन फेरे, रोज. सोपं झालं की वजन वाढवा. करताना थोडं दुखणं चालेल, दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी.

कढीपत्ता
आले. मावशी, उद्याच अपॉइंटमेंट घेते. सांडशीचं वाचून कढई परत ओट्यावर ठेवली 🙂

सह्यवेडा
ट्रेकवर पाय मुरगळला तर: उभं राहून चार पावलं टाकता येतात का बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत दाबा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरचं उंचवट्याचं हाड, आणि आतल्या कडेला घोट्यापुढचं हाड, तिथेही दाबा. यातल्या कुठल्याही जागी हाडावर दुखलं किंवा चार पावलं जमली नाहीत तर एक्स-रे. याला ओटावा नियम म्हणतात.
बर्फ, दाब, पाय वर, विश्रांती हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ च्या पुस्तकात मांडलं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. म्हणून बर्फ फक्त दुखणं कमी करायला, पहिल्या काही तासांत, फडक्यातून १० मिनिटं. आणि हाड शाबूत असेल तर लवकर चालायला लागा.
नंतर एका पायावर उभं राहण्याचा सराव विसरू नका, दात घासताना करा. तो सोडला की तोच पाय पुन्हा मुरगळतो.

तात्या_मिरजकर
लगेच तेल चोळून मालिश करणारे पण थांबवा कुणीतरी. सुजलेल्या जागी पहिले दोनतीन दिवस चोळायचं नसतं.

निळावंती
अय्यंगार गुरुजींचं 'लाइट ऑन योग' (१९६६) कुणीच घेतलं नाही? शेवटी कुठल्या दुखण्याला कुठली आसनं याची लांबलचक यादी आहे. ती यादी औषधाच्या चिठ्ठीसारखी वापरू नका. प्रत्येक आसनाच्या नावापुढे एक आकडा आहे, तो अवघडपणाचा. यादीत सोपी आणि फार अवघड आसनं शेजारी शेजारी येतात, आकडा न बघता अवघड आसन धरलं की इजा. ३०० आठवड्यांचा क्रमही दिलाय, तो पाळा.
साहित्य वापरायला लाजू नका. सर्वांगासनात खांद्याखाली घट्ट घडीच्या तीनचार चादरी, घडीची गोल कड मानेकडे, खांदे चादरीवर आणि डोकं खाली जमिनीवर. नाहीतर सगळा भार वाकलेल्या मानेवर येतो. मान आधीच दुखत असेल, रक्तदाब असेल तर हे घरी करूच नका, पाय भिंतीला लावून पडून राहा.

ओवी
पट्टा कुठला घेता निळावंती?

निळावंती
सुती, न ताणणारा, बकलवाला. ओढणी सरकते, इलॅस्टिक तर अजिबात नको.

गिरणगावकर
सिलिंडरवर कोणीतरी लिहायला हवं, मीच लिहितो. आत गॅस १४.२ किलो, रिकामी टाकी साधारण १५-१६, म्हणजे ३० किलोच्या आसपास. उचलू नका. किंचित तिरका करून खालच्या कडीवर गोल फिरवत न्या. उचलावाच लागला तर दोन पायांच्या मध्ये घ्या. तेच वजन अंगापासून दुप्पट लांब धरलं की कंबरेवर त्याचा भार दुप्पट पडतो, म्हणून वजनाइतकंच अंतर महत्त्वाचं.
कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिकायचं तर झाडूचा दांडा पाठीला लावा: डोक्याची मागची बाजू, दोन फऱ्यांमधली जागा, माकडहाड. वाकताना तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे. एक जरी सुटलं तर पाठ वाकली. रोज दहा वेळा, आठवडाभर.

रानजाई
आणि ओट्याची उंची! कोपरापासून १०-१५ सेंमी खाली हवी. उंच बाईला जुना ओटा बुटका पडतो, मग भांडी घासताना अर्धवट वाकून उभं राहावं लागतं. सिंकमध्ये परात उपडी टाकून त्यावर भांडी घासा, किंवा खालचं कपाट उघडून एक पाय आत टेकवा.

अबोली_प
परातीचं सुचलंच नव्हतं 👌

फिजिओ_मावशी
टाचदुखी राहिली ना. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत खुपतं ते. पलंगावर बसूनच, पाऊल खाली टेकवायच्या आधी, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात दोरी ताणल्यासारखी लागली पाहिजे. १० सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा. घरात फरशीवर अनवाणी नको, मऊ चप्पल.
ताण देऊन भागलं नाही तर ताकद: जिन्याच्या पायरीवर पुढचं पाऊल, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, कठडा धरून एका पायावर टाच वर. ३ सेकंद वर, २ थांबा, ३ खाली. एक दिवसाआड. १२ चे तीन फेरे, दोन आठवड्यांनी पाठीवर सॅकमध्ये पुस्तकं घेऊन १० चे चार, आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ चे पाच. महिनाभरात सोडू नका, तीन महिने धरून चाला.
टाचेच्या मागच्या जाड शिरेचं दुखणं वेगळं. त्यातही शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं.

सह्यवेडा
मावशी, टॉवेल किती जाड?

फिजिओ_मावशी
वर गेल्यावर बोटं पूर्ण मागे वाकलेली राहतील इतका. नॅपकिनची घट्ट गुंडाळी बहुतेकांना पुरते. बोटं टॉवेलवरून घसरत असतील तर रबर लावा त्याला.