मदत हवी आहे: दीड वर्षाच्या मुलीच्या तोंडाभोवती पुन्हा पुन्हा पुरळ

नमस्कार. लेक दीड वर्षाची आहे. तिच्या हनुवटीवर, ओठांभोवती आणि गालांवर पुरळ उठते, थोडी बसते की पुन्हा येते. टाचणीच्या डोक्याएवढे लाल दाणे, हनुवटीखाली कातडी ओलसर, चकचकीत. नाक मात्र स्वच्छ. ताप नाही, खेळणं नेहमीसारखं, पण झोपताना उशीवर गाल घासत राहते. दाढा येताहेत, लाळ सारखी गळते, चोखणीही असते.

घरात कुणी लाळ म्हणतं, कुणी अ‍ॅलर्जी. घरात पडून असलेलं स्टेरॉइडचं मलम लावून बघ असाही सल्ला मिळाला. तोंडावर लावायचा धीर होत नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर काय पाहून ठेवू? खाण्यातलं काही बंद करू का?

प्रतिसाद १
मलम लावलं नाहीत ते फार बरं केलंत. चेहऱ्याची कातडी पातळ असते आणि त्या मलमानेच कधी कधी तोंडाभोवती बारीक पुरळ उठते. ती बहुधा ओठालगतची अरुंद कडा कोरी सोडते. लाळेची पुरळ थेट ओठाला भिडते. एवढं नीट पाहा.

गाल घासणं म्हणजे खाज, आणि नाक स्वच्छ. यावरून मला इसबाची शंका येते. त्यावर लाळेची भर पडली की जास्तच चिडतं. लाळ पुसताना घासू नका, मऊ ओल्या कापडाने टिपा. जेवणाआधी आणि झोपताना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. सुगंधी वाइप्स बंद.

खाणं मात्र आपल्या मनाने तोडू नका. अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या गांधी बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत उठतात, जागा बदलतात आणि विरतात. तुमचं वर्णन तसं वाटत नाही.

प्रतिसाद २
रोज एकाच उजेडात फोटो काढा. नेमकी दाखवायच्या दिवशी पुरळ बसलेली असते. मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या तर जंतुसंसर्ग असू शकतो, तो पसरतो. टॉवेल वेगळा ठेवा आणि आठवडाभर थांबू नका. एकसारखे दुखरे फोड झुबक्याने आले तर त्याच दिवशी दाखवा: इसब असलेल्या मुलांत नागिणीच्या जातीचा हर्पिस विषाणू झपाट्याने पसरतो. म्हणून ओठावर तापाचे फोड आलेल्या कुणालाही तिचा पापा घेऊ देऊ नका. ओठ सुजून श्वासाला त्रास झाला, किंवा तापात काचेचा पेला दाबूनही न पुसट होणारे ठिपके दिसले, तर थेट दवाखाना गाठा.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पाहिलं, पुरळ ओठाला भिडलेली आहे. शिवाय कोपराच्या आतल्या घडीत हात फिरवला तर तिथेही खरखरीत लागतंय, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. तिथेही जेलीच लावू की साधं मॉइश्चरायझर?