पोटभर खाऊन वजन उतरलं का कुणाचं? अनुभव लिहा

निशिगंध_बार्शी

काल माळा आवरताना तो मोठा स्टीलचा वाडगा सापडला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'विवाहाप्रीत्यर्थ' आणि तारीख कोरलेली, पुढचं नाव घासून घासून पुसट झालेलं. हातात घेतला आणि २०१७ चं अख्खं वर्ष आठवलं.

धाकटीच्या वेळचं वजन उतरलंच नव्हतं. ८१ किलो. जिना चढताना गुडघा वाजायचा. आधी उपाशी राहून बघितलं. सकाळी नुसता चहा, दुपारी एक पोळी, आणि चार वाजता हात थरथरायला लागले की फरसाणाचा डबा. रोज तेच. रडू यायचं, कारण मी खरंच कमी जेवत होते.

एक दिवस सासूबाईंनी काही न बोलता वेगळंच ताट वाढलं. डावीकडे चमचाभर असते ती कोशिंबीर या वाडग्यात काठोकाठ, आणि म्हणाल्या, "हे संपव, मग भाकरी वाढते." चोचवलेली काकडी, ताकासारखं पातळ दही, मिरची, जिरं. मग ज्वारीची एक भाकरी, दोन वाट्या चवळईची भाजी, पातळ आमटी. सहा वाजेपर्यंत भूक लागली नाही! त्या दिवशी फरसाणाचा डबा उघडलाच नाही.

मग मी हिशेब मांडायला लागले. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. तेवढ्यात पाऊण किलो काकडी येते. पोट ताणलं की मेंदूला निरोप जातो, आत तेल गेलं की काकडी हे पोट विचारत नाही. मूठभर दाण्याचं कूट दोन चमच्यांवर आलं, कोशिंबिरीला तुपाची फोडणी बंद. चौघांना महिन्याला ४ लिटर तेल लागायचं, ते २ वर आलं. ११ महिन्यांत ६८ किलो. गुडघा गप्प.

सासूबाई आता नाहीत. वाडगा परत खाली काढलाय. तुमचं काय झालं ते लिहा. ज्यांना जमलं नाही त्यांनीही लिहा.

चिंगी

ताई वाडग्याचा फोटो टाक ना! माझ्याकडे मामाने दिलेला तांब्या आहे, त्यावर माझं नावच चुकीचं कोरलंय, तरी जीव आहे त्याच्यात. बाकी सवडीने लिहिते, दूध वर आलंय.

रातपाळी_चाकण

आमच्यात सगळे म्हणायचे बटाटा सोड. मी वडा सोडला, बटाटा नाही. रात्री दोनच्या जेवणाच्या सुट्टीत दोन उकडलेले बटाटे, मीठ मिरपूड लिंबू, सोबत मोडाची मटकी वाफवून. सकाळपर्यंत गाडीवर जायची इच्छा होत नाही. नंतर वाचलं की १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ लोकांना खाऊ घालून बघितले होते. सारख्याच कॅलरीत सगळ्यात जास्त वेळ पोट भरलेलं ठेवणारा निघाला उकडलेला बटाटा, पांढऱ्या पावाच्या तिप्पट. १०० ग्रॅमला ९० च्या आत कॅलरी. तोच बटाटा तळून वेफर केला की पाचशेच्या वर. दोष कढईचा आहे.
७ किलो उतरले, दीड वर्ष टिकलेत.

स्वराली_०४

दादा मटकीने पोट फुगत नाही का? मी उत्साहात सकाळ संध्याकाळ उसळी सुरू केल्या, तिसऱ्या दिवशी ऑफिसात बसवेना.

रातपाळी_चाकण

होतं सुरुवातीला. एकदम वाढवू नका. आठवडाभर अर्धी वाटी, मग एक. पाणी भरपूर. आणि ताकात हिंग.

आजरेकर

कोल्हापुरात राहून हे कसं करायचं ते सांगा आधी 😄 घरात आठवड्याला मटण.

पन्हाळ्याची_लेक

@आजरेकर, मटण खा की! तांबड्याचा वरचा तवंग डावाने काढून ठेवायचा, पांढऱ्यात खोबरं काजू असतं म्हणून तो एकच वाटी. सोबत कांदा मुळा काकडी ताटभर. माझे वडील असंच करतात, साखर आटोक्यात आली त्यांची.

आजरेकर

तवंग काढायचा म्हणजे जिवावर येतं हो. पण वडिलांचं ऐकून बरं वाटलं. करून बघतो रविवारी.

वाफाळता_श्टुटगार्ट

इथे उणे चारमध्ये थंड काकडी घशाखाली उतरत नाही, म्हणून मी सार आणि सूपवर आले. टोमॅटोचं सार, लाल भोपळ्याचं सूप, कोबी गाजर घालून मुगाचं कढण. नवलकोल इथे ढिगाने मिळतो, कोलराबी म्हणतात. आईला सांगितलं तर तिला फार आनंद झाला!

अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तेच पदार्थ, तेवढंच पाणी. एकदा पाणी पेल्यात वेगळं दिलं, एकदा पदार्थात मिसळून सूप केलं. सूप घेतल्यावर बायका पुढचं जेवण कमी जेवल्या, पेल्यातल्या पाण्याने तसा फरक पडला नाही. म्हणजे आपली पातळ आमटी बरोबरच होती. परदेशात एकटीने राहताना हे वाचून मला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

कुडाळची_वैनी

आमच्याकडे कुळथाचं कळण. थंडीत दुसरं काही नको. हल्ली लोक सोलकढी 'हलकी' म्हणून तीन तीन पेले पितात, पण नारळाचा दाट रस आहे तो. नुसतं कोकमाचं सार घ्या.

मनवा_ना

माझं नाही जमलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास. साबुदाण्याची खिचडी, वर दाणे, तूप, बटाट्याचा कीस. एकादशी दुप्पट खाशी. सोडवतही नाही, आईंपासून चालत आलेत. दोन वर्षांत वजन वाढलंच.

निशिगंध_बार्शी

मनवा, उपास सोडू नको ग. साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात दाणे आणि तूप. त्याऐवजी उपासाला लाल भोपळ्याचं भरीत, काकडी, रताळं उकडून, पातळ ताक, थोडा राजगिरा असं करून बघ. देवाला चालतं. माझ्या सासूबाई खिचडी फक्त आषाढीला करायच्या. आणि तू एकटी नाहीस.

मनवा_ना

थँक्यू ताई. रताळं उकडून खरंच सुचलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं वाचून.

फार्मसीवाला_नाशिक

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक दुप्पट करू नका, 'के' जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. रोज साधारण सारखी ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. दुसरं, दुधीचा रस. कच्च्या दुधीची फोड आधी जिभेवर लावून बघा. जराही कडू लागली तर टाकून द्या. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने उलट्या, रक्तस्राव होतो, माणसं दगावलीत. यावर आयसीएमआरच्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आलाय. रसापेक्षा भाजी करा. किडनीचे पेशंट असाल तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नका.

स्वराली_०४

बापरे. माझे सासरे रोज सकाळी दुधीचा रस घेतात!! आत्ता सांगते.

चिंगी

आले परत. दूध उतू गेलंच. माझं साधं आहे, जेवणाआधी एक मुळा किसून, मीठ लिंबू. तीन किलो कमी झाले चार महिन्यांत, हळूहळू चाललंय. पण मुळ्याचा पाला टाकवत नाही, काय करता त्याचं? रोज एवढा जमतो.

पन्हाळ्याची_लेक

अग टाकू नको! बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेव, घट्ट पिळून घे. लसूण मिरचीची फोडणी एका चमच्या तेलात, पाला परत, वरून डाळीचं पीठ पेरायचं दोन मुठी आणि झाकण ठेवून वाफ. सुटासुटा होतो.

चिंगी

पीठ कोरडंच पेरायचं का भिजवून?

पन्हाळ्याची_लेक

कोरडं. वरून पाण्याचा एक हबका मार.