पाकिटावर स्टार की काळा शिक्का?

फरसाणवेडा:
एफएसएसएआयने (सरकारची अन्न सुरक्षा संस्था) सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला होता, पदार्थ किती पौष्टिक त्याचे पाकिटावर अर्धा ते पाच स्टार, फ्रीज-एसीवर असतात तसे. मग एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पाकिटावरच्या लेबलबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हटलं. पण मुळात असे दर १०० ग्रॅममागे मार्क काढून सरकारने नियम करावेत का? लोणच्याचे मार्क मिठामुळे जाणार, पण १०० ग्रॅम लोणचं खातं कोण?

गणपुले_सर:
१०० ग्रॅमच बरं हो, सर्व्हिंग साइज, म्हणजे एका वेळी किती खायचं, हे कंपनी ठरवते, मग दोन बिस्किटांचा हिशोब दाखवून मोकळे. ब्रिटनमध्ये कॅलरी, सॅच्युरेटेड फॅट, साखर, सोडियम यांना प्रत्येकी १० पर्यंत वाईट गुण, त्यातून फळं-भाज्या-दाणे, फायबर, प्रोटीन यांचे ५-५ पर्यंत वजा. बाकी ४ किंवा जास्त उरले (पेयांना १) की मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांत जाहिरात बंद, २००७ पासून. म्हणजे हे मार्क पाकिटावर मिरवायला नाहीत, कायद्याने रेघ कुठे मारायची त्यासाठी आहेत.

सुगरण_नाही:
रेघेला हरकत नाही, माझा राग स्टारवर आहे. वजाबाकी आली की पळवाट आली, बिस्किटात जरा कोंडा आणि प्रोटीन पावडर घातली की साखर तेवढीच राहून स्टार वाढू शकतो आणि आई खुशाल डब्यात देते. चिलीने २०१६ ला सरळ काळा अष्टकोन लावला, साखर जास्त तर 'साखर जास्त', विषय संपला. शिक्का लागला की शाळेत विक्री नाही, आणि सीरियलच्या खोक्यांवरची कार्टूनंसुद्धा काढावी लागली कंपन्यांना!!

फरसाणवेडा:
पण आपल्याकडे शाळेजवळ बंदी आहेच ना?

गणपुले_सर:
आहे की, २०२० चे नियम, शाळेत आणि बाहेर ५० मीटरपर्यंत जास्त फॅट-साखर-मीठवाले पदार्थ विकायचे नाहीत. गंमत म्हणजे 'जास्त' म्हणजे किती ग्रॅम हा आकडाच त्यात नाही, मग इन्स्पेक्टरने कशाच्या जोरावर अडवायचं? आकडा ठरल्याशिवाय हा नियम कागदावरच राहणार, स्टार लावा नाहीतर शिक्का.

सुगरण_नाही:
आणि गेटवरच्या वडापावला तर पाकीटच नाही, त्याचं सोडियम कोण मोजणार? तिथे मार्क सोडा, काय विकायचं नाही त्याची सरळ यादीच लावा.